पायराइट खाली, कोळसा वर: जिवाणू वापरून फ्लोटेशन कसं करावं

कोळशातला गंधक जिवाणूंनी काढायचा म्हटलं, की लोक पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) विरघळवण्याचाच विचार करतात. तसं होतंही, पण त्याला दिवस लागतात, कधी कधी आठवडे. फ्लोटेशनमध्ये, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून कोळसा फेसासोबत वर तरंगवताना, एवढं थांबायची गरजच नसते. अॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू पायराइटच्या कणाला काही मिनिटांत चिकटतो, कोळशाला मात्र फारसा नाही. तो चिकटला की पायराइटचा पृष्ठभाग ओलावा धरतो, बुडबुडा त्याला उचलू शकत नाही आणि कण तळाकडेच राहतो. म्हणजे आपल्याला भरपूर, स्वच्छ पेशी हव्यात. सगळी मेहनत तिथे घ्यायची.

जिवाणू वाढवायला मी ९के नावाचं पोषक माध्यम वापरते. एका लिटरला ४४.२ ग्रॅम स्फटिकी फेरस सल्फेट, ३ ग्रॅम अमोनियम सल्फेट, डायपोटॅशियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी ०.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१ आणि कॅल्शियम नायट्रेट ०.०१ ग्रॅम. फेरस सल्फेट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात) घालू नका. वेगळं विरघळवून, पीएच २ वर आणून, बारीक फिल्टरमधून गाळून मिसळा. ३० अंशांवर शेकरवर ठेवलं की फिकट हिरवं पाणी आधी पिवळट आणि मग विटकरी होतं. हा रंग बघायला मला अजूनही आवडतं, कारण जिवाणू कामाला लागल्याची तीच पहिली खूण.

पण ते विटकरी पाणी थेट फ्लोटेशन सेलमध्ये (ज्या भांड्यात हवा सोडून फेस काढतात त्यात) ओतायचं नाही. त्यात फेरिक लोह असतं, आणि पायराइट त्यानेही दबू शकतं, म्हणजे तरंगेनासं होऊ शकतं. मग श्रेय कुणाला द्यायचं? साध्या फिल्टर पेपरमधून गाळून जॅरोसाइटचा (फेरिक लोहाच्या सल्फेटचा) पिवळा गाळ काढा, गाळलेलं पाणी सेंट्रिफ्यूज करा, आणि तळाशी बसलेल्या पेशी पीएच २ च्या सौम्य सल्फ्युरिक आम्लाने धुवा. धुतलेल्या पाण्यात थायोसायनेटचा थेंब टाका. लाल रंग आला तर फेरिक उरलंय, अजून धुवायचं.

कोळसा अर्ध्या मिलिमीटरखाली दळून त्याच दिवशी वापरा. दळलेलं पायराइट दमट हवेत पडून राहिलं की त्याचा पृष्ठभाग बदलतो आणि कालचा निकाल आजच्याशी जुळत नाही. एक लिटरच्या सेलमध्ये ५० ग्रॅम कोळसा सुरुवातीला पुरे. पीएच २ वर पेशी घालून काही मिनिटं ढवळा, मग कोळशाला बुडबुड्याशी चिकटवणारं केरोसीन, शेवटी फेसकारक, मग हवा. केरोसीन बेताचंच. जास्त झालं तर तेल पायराइटवरही पसरतं आणि जिवाणूंचं काम वाया जातं. पीएच ३ च्या वर गेला आणि थोडंफार फेरिक उरलेलं असलं, तर त्याचा गाळ कोळशावर बसून कोळसाच तरंगेनासा होतो.

तुलनेची चाचणी टाळू नका: तेच आम्लाचं पाणी, तोच वेळ, फक्त पेशी नाहीत. शक्य असेल तर मेलेल्या पेशींचीही एक करा. त्यांनीही पायराइट दबलं, तर परिणाम पेशी चिकटण्याचाच आहे हे कळतं.

फेस पहिल्या अर्ध्या मिनिटाचा, मग एक, दोन, चार मिनिटांचा असा वेगवेगळा काढा. उशिराच्या फेसात पायराइट वाढत गेलं, तर ते बहुधा बुडबुड्यांमधल्या पाण्यासोबत वाहून येतंय. त्यावर जिवाणूंचा इलाज नाही. फेसाचा थर जाड ठेवा, वरून पाणी शिंपडा किंवा फेस पुन्हा एकदा तरंगवा. कोळशाच्या आत अडकलेल्या कणांपर्यंतही पेशी पोहोचत नाहीत. तिथे अजून बारीक दळण्याला पर्याय नाही.

फक्त एकूण गंधक मोजू नका. आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने सल्फेट काढा, मग नायट्रिक आम्लात विरघळलेलं लोह मोजून त्याला १.१४८ ने गुणा. तो पायराइटमधला गंधक. सेंद्रिय गंधक या पद्धतीने हलत नाही, म्हणून तोच जास्त असलेल्या कोळशावर ही खटपट करू नये.

तळाचा गाळ उघड्यावर टाकू नका. त्यात पायराइट आहे, जिवंत जिवाणू आहेत आणि ओल आहे. हवा लागली की आम्ल झिरपू लागतं. चुना मिसळून पीएच उदासीन करा, आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा, कारण तो परत खाली येतो.