दोन मेडिक्लेम, एक बिल: कापलेले पैसे परत कसे मागायचे

नोकरीतली ग्रुप पॉलिसी आहे, वर घरची फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी) आहे, म्हणजे हॉस्पिटलात खिशाला हात लावावा लागणार नाही, असं आम्हीही धरून चाललो होतो. भावाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डिस्चार्जच्या काउंटरवर मोठी रक्कम भरूनच सुटलो. पुढचा दीड महिना कागदांत गेला. त्यातून जे उमगलं ते क्रमाने सांगते.

हॉस्पिटल सोडण्याआधी

काउंटरवर वाद घालू नका. तिथे बसलेल्या मुलीच्या हातात काहीच नसतं आणि रुग्णाला घरी जायचं असतं. पैसे भरायची वेळ आली तर भरा, पण त्याच दिवशी बिलिंग विभागाला 'रक्कम हरकत राखून भरली आहे' अशी दोन ओळींची ईमेल टाका. नुसतं एकत्रित बिल घेऊन निघू नका, आयटमवाइज बिल मागा. कॅशलेसमध्ये मूळ कागद टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, जातात. म्हणून बिल, डिस्चार्ज समरी, रिपोर्ट, डिपॉझिटच्या आणि परत केलेल्या औषधांच्या पावत्या या सगळ्यांच्या झेरॉक्सवर हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या. दुसऱ्या कंपनीकडे जाताना हाच गठ्ठा लागतो.

तीन कागद शेजारी ठेवा

हॉस्पिटलचं बिल, पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर (किती मंजूर, किती कापलं हे सांगणारं पत्र) आणि डिस्चार्ज समरी. पेन्सिल घेऊन प्रत्येक कापलेल्या रकमेपुढे 'ह' किंवा 'क' लिहा: चूक हॉस्पिटलची की कंपनीची? बहुतेक तक्रारी अडकतात त्या चुकीच्या दारात गेल्यामुळे.

परत केलेली औषधं वजा न होणं, एकच तपासणी दोनदा लागणं, डिपॉझिट वळतं न होणं या चुका हॉस्पिटलच्या. आमच्या बिलात ग्लोव्हज ओटी चार्जेसमध्येही होते आणि फार्मसीतही. 'हॉस्पिटल डिस्काउंट' ही ओळही बघा. कंपनीशी ठरलेल्या दरामुळे कमी झालेली रक्कम रुग्णाकडून वसूल करायची नसते.

खोलीच्या भाड्याची मेख

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. समजा, पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ४,००० रुपये आहे आणि तुम्ही ६,०००ची खोली घेतलीत. कंपनी भाड्यातला एक तृतीयांश भाग कापते, आणि त्याच प्रमाणात इतर खर्चही. सर्जनची फी ६०,००० असेल आणि खोलीच्या वर्गानुसार ती बदलत असेल, तर त्यातले २०,००० जाणं नियमात बसतं. पण कधी कधी ३६,०००च्या औषधांतून १२,००० आणि १५,०००च्या तपासण्यांमधून ५,००० हेही उडवलेले असतात.

आयआरडीएआय, म्हणजे विमा नियामकाने, जून २०२० मध्ये स्पष्ट केलं होतं की औषधं व कन्झ्युमेबल्स (ग्लोव्हज, सिरिंजसारख्या वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांना अशी प्रमाणशीर कपात लावायची नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. ज्या हॉस्पिटलात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथे ही कपातच लागू नाही. आपल्या पॉलिसीत 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस'ची, म्हणजे ज्यांना ही कपात लागू शकते त्या खर्चांची, व्याख्या शोधा आणि तीच ओळ पत्रात जशीच्या तशी उतरवा. वरच्या उदाहरणात मागायचे आहेत १७,०००. त्यात सर्जनच्या फीचे २०,००० घुसडलेत तर खऱ्या मागणीचाही जोर जातो.

मग दुसरी पॉलिसी

'पहिल्या पॉलिसीची रक्कम संपलेली नाही, म्हणून आमच्याकडे क्लेम नाही' हे उत्तर आम्हाला दुसऱ्या कंपनीकडून फोनवर मिळालं. ते चूक आहे. पॉलिसीच्या 'मल्टिपल पॉलिसीज' कलमात लिहिलेलं असतं की एका कंपनीने नाकारलेली रक्कम दुसरीकडे मागता येते, पहिलीची विमा रक्कम शिल्लक असली तरी. दुसरी कंपनी तिच्या स्वतःच्या अटींनुसार निर्णय घेते. एवढंच की दोन्हींकडून मिळून प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मिळत नाही.

अर्जासोबत शिक्क्याचे कागद आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर जोडा. क्लेम कळवण्याची मुदत मात्र आधीच वाचून ठेवा. पहिलीचा निकाल येईपर्यंत थांबू नका, दाखल झाल्याबरोबर दोन्हींना कळवा.

ऐकलं नाही तर

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही. तिथे दाद नाही मिळाली तर आयआरडीएआयचं 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. त्यापुढे विमा लोकपाल: महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही की जाता येतं. नकारानंतर एक वर्षाच्या आत.

लोकपाल फक्त विमा कंपनीचं बघतो. 'ह' खुणेच्या रकमांसाठी आधी हॉस्पिटलला लेखी पत्र, मग १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, शेवटी जिल्हा ग्राहक आयोग.

सरकारी योजना मध्ये असेल तर

इथे हिशेब वेगळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णाची नोंद झाली की योजनेत बसणारे उपचार पूर्ण कॅशलेस असतात. 'हे औषध योजनेत नाही, बाहेरून आणा' असं कोणी म्हटलं तर पैसे देण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. पैसे दिलेच असतील तर पावती घ्या आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा. आईवडील सत्तरीपुढचे असतील तर खाजगी मेडिक्लेम असूनही त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांसाठीचं केंद्र सरकारचं आरोग्य विमा कार्ड) मिळतं. कोणतं कार्ड वापरायचं ते दाखल होतानाच ठरवा; अर्धे उपचार झाल्यावर योजना बदलायला गेलं की बिलाचा गुंता तिथूनच सुरू होतो.