ठोकळ्यांचा रानसरडा: आधी खुबा, मग खवले

शाळेचं प्रदर्शन जवळ आलंय आणि मुलं पुन्हा लेगोचे डबे काढून बसणार, म्हणून ही तयारी आत्ताच लिहून ठेवते. गेल्या वेळी खवले सुंदर जमले होते, पण प्राणी मांडल्यावर मागचे पाय हळूहळू फाकत गेले आणि पोट टेबलाला टेकलं. खुब्याचे सांधे आम्ही तपासलेच नव्हते. त्यामुळे या लिखाणात खुबा पुन्हा पुन्हा येईल. तो भाग गाळून पुढे जाऊ नका.

मोकळं टेबल, उजेड, वाट्या हे तुम्हाला कळतंच.

प्राणी काल्पनिक असला तरी त्याचं जगणं आधी ठरवा. कुठे राहतो, काय खातो, झाडावर की ओहळाकाठी? आपल्याकडे नमुन्यांना तोटा नाही. गोव्यातल्या मोले-खोतीगावकडच्या रानात उडता सरडा आहे. त्याच्या लांबलेल्या फासळ्यांवर कातडीचा पडदा ताणलेला असतो, तो पसरून सरडा एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. मलबारी चापडा हा विषारी साप पावसात फांदीवर तासन् तास निश्चल बसतो. त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारी खळगी असते. कुंभारजुवेच्या कालव्यात ओहोटीला मगरी चिखलावर पहुडलेल्या दिसतात. यांतलं काय घ्यायचं ते कागदावर काढा. चापड्याचं डोकं, उडत्या सरड्याच्या फासळ्या आणि घोरपडीची शेपटी हे मिश्रण चालेल, पण प्रत्येक अवयवाला काम हवं. नुसती शोभेची शिंगं लावू नका, परीक्षकही तेच विचारतात.

रंग ठरवण्याआधी डब्यात काय आहे ते बघा. प्रत्येक आकाराचा तुकडा प्रत्येक रंगात निघत नाही. हिरव्यात उतरते ठोकळे भरपूर असतील आणि बिजागऱ्या नेमक्या करड्याच मिळतील. अशा वेळी करडा पोटाच्या बाजूला वळवा. जुने तपकिरी तुकडे जपून वापरा, त्यांच्या बारीक चिमट्या दाबताच तडकतात. पायांत तर ते नकोतच.

आता खुबा. सस्तन प्राण्याचे पाय धडाच्या खाली असतात, म्हणून वजन सरळ जमिनीवर उतरतं. सरड्याचे पाय बाजूला निघतात आणि कोपरात वाकून खाली येतात, धड दोन पायांच्या मध्ये लोंबतं. पंजा खुब्यापासून जितका दूर, तितका खुब्यावर पीळ. अंतर दुप्पट केलंत की पीळही दुप्पट. मुलांना लांब पाय आवडतात, तिथेच घात होतो. छोटा गोळीसांधा दिसायला छान फिरतो, पण मोठ्या धडाखाली तो घसरतोच. खुब्याला टकटक आवाज करत टप्प्याटप्प्याने अडकणारी बिजागरी लावा. किंवा टेक्निकच्या (लेगोच्या यांत्रिक संचांच्या) घट्ट बसणाऱ्या काळ्या पिना प्रत्येक पायाला दोन-दोन लावा. एकाच पिनेभोवती पाय फिरतो, दोन पिना त्याला अडवतात. फिकट करड्या गुळगुळीत पिना मोकळ्या फिरण्यासाठी असतात, त्या इथे चालणार नाहीत.

नुसता कणा आणि चार पाय एवढंच जोडा. घडी घातलेल्या कागदात खडे भरून डोक्याइतकं आणि शेपटीइतकं वजन दोन्ही टोकांना बांधा. स्वयंपाकघरातला काटा घ्या, अंदाजावर जाऊ नका. मग कणा पेन्सिलीवर आडवा ठेवून तोल कुठे येतो ते बघा. तो बिंदू पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्येच पडला पाहिजे. एक पाय उचललेला दाखवायचा असेल, तर उरलेल्या तीन पंजांच्या त्रिकोणात पडला पाहिजे. सगळं जमलं की सांगाडा रात्रभर तसाच उभा ठेवा. सकाळी खुबा एक टप्पाही घसरला असेल तर पाय आखूड करा. सांगाडा रात्र काढेपर्यंत एकही खवला चढवायचा नाही. मूल रडलं तरी नाही.

प्राणी फार मोठा असेल तर त्याला उभा करण्याचा हट्ट सोडा. बोरीला मानगे थापणीला पौष अमावास्येला मातीची मगर करतात, ती पोटावर पसरलेली असते आणि तरीही जिवंत वाटते. पोट टेकलेलं असलं की खुब्यावर भार येत नाही. मगर पोट उचलून चालतेही, पण तेव्हा ती पाय शरीराखाली जवळ घेते. तुमच्या प्राण्यालाही तसंच करायला लावा.

धडाच्या बाजूंना खवले आडवे लावायचे तर एक हिशेब पाठ हवा. दोन खुंट्यांमधलं (ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांमधलं) अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिमी, प्लेटची म्हणजे चपट्या ठोकळ्याची उंची ३.२ मिमी, अख्खा ठोकळा ९.६ मिमी, म्हणजे तीन प्लेटी. पाच प्लेटी रचल्या की १६ मिमी होतात, बरोबर दोन खुंट्यांची रुंदी. आडव्या लावलेल्या भागाला या मापानं जागा ठेवलीत तर फट राहत नाही. माप न जुळवता ताकद लावून बसवलेला तुकडा दोन दिवसांनी उसळून बाहेर येतो. सोबत शेजारचा खवलाही काढतो. बाजूला खुंट्या असलेले ठोकळे आधीच मोजून वेगळे ठेवा, ते नेहमी कमी पडतात. खवल्यांचं वजन पुन्हा खुब्यावरच जातं, म्हणून एक बाजू झाली की उभं करून बघा.

डोकं पोकळ ठेवा. डोळे बाजूला, बाहुली उभी. जीभ घोरपडीसारखी दुभंगलेली हवी असेल तर दोन बारीक तुकडे पुरेत. बोटांसाठी शॅमेलिऑन आठवा, दोन बोटं एकीकडे, तीन दुसरीकडे. फांदी पकडायला चिमटीचे तुकडे तसे लावता येतात.

फांदी, पानं, माती, पाटी: शेवटी.

धूळ असेल तर हाताने धुवा, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. नेताना शेपटी वेगळी काढा, धड खोक्यात पोटावर ठेवा, पायांवर नाही. पोचल्यावर आधी खुबे दाबून बघा, मग शेपटी लावा. जास्तीच्या चार काळ्या पिना खिशात.