टोमॅटोवरचा उशिरा येणारा करपा कसा ओळखावा

टोमॅटोच्या पानावर तपकिरी डाग दिसला की त्याला सरसकट ‘करपा’ म्हटले जाते आणि बहुधा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा पंप भरला जातो. तो डाग उशिरा येणाऱ्या करप्याचा, म्हणजे फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या रोगकारक जीवाचा असेल, तर फवारणीचा खर्च वाया जातो. कारण १८४५ साली आयर्लंडमधील बटाटा उद्ध्वस्त करणारा हा जीव खरी बुरशी नसून जलबुरशी, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण वेगळ्या गटातला जीव आहे आणि कार्बेन्डाझिम तिच्यावर चालत नाही. नावातील ‘उशिरा’वरही जाऊ नये, कारण हा रोग रोपावस्थेतही येतो.

आधी मागच्या आठवड्याचे हवामान आठवावे. ढगाळ दिवस, रिमझिम किंवा धुके, गार रात्री आणि तासन्‌तास ओली राहणारी पाने असतील, तर संशयाला जागा आहे.

पाहणी सकाळी, दव वाळण्यापूर्वी करावी. या करप्याचा डाग वेडावाकडा, पाणी मुरल्यासारखा, काळपट हिरवा असतो. पुढे तो तपकिरी होतो आणि त्याच्या कडेला फिकट हिरवी पट्टी राहते. पान उलटे करून नेमकी हीच कड पाहावी. तेथे पांढरी, विरळ लव दिसली, तर निदान जवळजवळ झालेच. दुपारी ऊन चढल्यावर ती लव सापडत नाही. खोडावर काळपट चट्टे आणि हिरव्या फळावर तपकिरी, तेलकट पण कडक डाग असल्यास संशय आणखी बळावतो. लवकर येणारा करपा मात्र सहसा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो आणि त्याच्या डागांत एकात एक वर्तुळे दिसतात.

लव दिसली नाही, तर कडेचा हिरवा भाग असलेली दोन-तीन पाने ओलसर कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावीत, पिशवी किंचित फुगवून बांधावी आणि घरात गार, सावलीच्या जागी रात्रभर ठेवावी. सकाळी भिंगातून डागाची कड पाहावी. मधल्या मेलेल्या भागावर उगवलेले काहीही पुरावा मानू नये, कारण तेथे इतर बुरशीही वाढतात.

तरीही शंका उरली, तर ताजे नमुने कोरड्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावेत. सडलेल्या, चिखलासारख्या झालेल्या पानावरून तेथील तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही.