थंड प्रदेशात कॅमेलिया लावताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतल्या मोठ्या दुकानांच्या बागविभागात कॅमेलियाच्या कुंड्या येतात. गडद हिरवी चकचकीत पानं, त्यात तळहाताएवढी गुलाबी फुलं. जास्वंद-मोगऱ्यात वाढलेल्या माणसाचा हात पाकिटाकडे जाणारच. पुढच्या मार्चपर्यंत त्याच झाडाची पानं बदामी होऊन लोंबायला लागतात आणि घरात निकाल लागतो : इथे कॅमेलिया होत नाही.

होतो. वॉशिंग्टनपासून फिलाडेल्फिया, मध्य न्यू जर्सी, लाँग आयलंडपर्यंत जमिनीत लावलेले, माणसापेक्षा उंच झालेले कॅमेलिया आहेत. मेलेल्या झाडांची चौकशी केली, तर निव्वळ थंडीने गेलेली त्यात कमीच निघतात. बहुतेकांना फेब्रुवारीचं ऊन, कोरडा वारा, चुकीची जात किंवा मालकाची घाई नडलेली असते. त्यातून आपल्याकडच्या बागकामाच्या सवयी, म्हणजे झाडाला भरपूर ऊन द्यावं, वरचेवर खत घालावं, थंडी पडली की घरात आणावं, या झाडाच्या बाबतीत जवळजवळ सगळ्याच उलट्या पडतात.

फूल बघून झाड घेणं

ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक. दुकानातला कॅमेलिया बहुधा जपोनिका जातीचा असतो आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या किंवा पश्चिम किनाऱ्यावरच्या सौम्य हवेत वाढवलेला असतो. त्याच्या चिठ्ठीवर 'झोन 7' लिहिलेलं असलं तरी ते झाड तग धरेल एवढंच सांगतं, त्याच्या कळ्या तगतील असं नाही. झोन 7 म्हणजे वर्षातलं सरासरी नीचांकी तापमान उणे 18 ते उणे 12 अंश सेल्सियस. मध्य न्यू जर्सी या पट्ट्याच्या थंड टोकाला आहे आणि वायव्येकडचा डोंगराळ भाग त्याहून थंड, झोन 6 मध्ये. म्हणून नियम असा ठेवावा, की आपल्या झोनपेक्षा एक पायरी जास्त थंडी सोसणारी जातच घ्यायची.

अशा जाती कशा आल्या ते माहीत असलं की निवड सोपी होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस लागोपाठ आलेल्या कडक हिवाळ्यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानातला कॅमेलियाचा मोठा संग्रह जवळजवळ साफ केला. तगलेल्या मोजक्या झाडांत ओलिफेरा या चिनी जातीची झाडं होती. चीनमध्ये हिच्या बियांपासून खायचं तेल काढतात. फूल साधं, पांढरं, कुणी मुद्दाम बघायला थांबणार नाही असं. तिथले संशोधक विल्यम अ‍ॅकरमन यांनी या ओलिफेराचा सासान्क्वा आणि हिएमालिस या देखण्या शरद-फुलांच्या जातींशी संकर केला. त्यातून 'विंटर्स स्टार', 'विंटर्स स्नोमॅन', 'पोलर आइस' ही मंडळी आली. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास फुलतात. नॉर्थ कॅरोलायनात क्लिफर्ड पार्क्स यांनी जपोनिकातूनच थंडी सोसणारी झाडं निवडली. 'एप्रिल ट्रिस्ट', 'एप्रिल स्नो' वगैरे 'एप्रिल' नावाने सुरू होणाऱ्या जाती त्यांच्या. 'कोरियन फायर' ही लाल फुलांची जात 1980 च्या दशकात कोरियाच्या बेटांवरून आणलेल्या बियांतून निघाली.

यात मेख फुलण्याच्या वेळेची आहे. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी जात दक्षिणेकडच्या जॉर्जियातल्या सॅव्हाना शहरात शोभेल. इथे तिच्या कळ्या उमलायच्या आत तपकिरी होऊन गळतील. आपण एकतर कडाका सुरू व्हायच्या आत फुलणारी घ्यावी, नाहीतर तो ओसरल्यावर फुलणारी. माझं मत विचाराल तर पहिलं झाड 'विंटर्स' मालिकेतलं घ्या. एप्रिलवाल्यांना कळ्या अख्खा हिवाळा सांभाळायच्या असतात, 'विंटर्स'वाल्या त्या आधीच उधळून मोकळ्या होतात.

ऑक्टोबरात लावणं

दक्षिणेकडची बागकामाची माहिती वाचून ही चूक होते. जॉर्जियात शरद ऋतूत लावणं योग्यच आहे, कारण तिथली जमीन हिवाळाभर मुळांना वाढू देते. इथे डिसेंबरअखेर माती गोठायला लागते आणि नव्या झाडाची मुळं अजून कुंडीच्या आकाराच्या गोळ्यातच असतात. वसंतात, कडक दहिवराचा (रात्री गोठणाऱ्या दवाचा) धोका टळल्यावर लावा. मुळांना उन्हाळा आणि शरद असे दोन ऋतू मिळतात. शरदातल्या सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून घेतलंच, तर ते जमिनीत न लावता बिनगरम गॅरेजमध्ये, खिडकीजवळ, माती जेमतेम ओली ठेवून वसंतापर्यंत थोपवा.

दक्षिणेच्या भिंतीला लावणं

'थंडीचं झाड आहे, जरा ऊन मिळू दे' हा विचार सगळ्यात जास्त झाडं मारतो.

कॅमेलिया सदाहरित आहे. हिवाळ्यातही त्याची पानं पाणी सोडत असतात. फेब्रुवारीत दक्षिणेच्या भिंतीशी दुपारी ऊन चटकतं, पान तापतं, पाणी उडतं. पण खाली माती दगडासारखी गोठलेली, मुळं पाणी वर पाठवू शकत नाहीत. पान उभ्या उभ्या वाळतं. वर वारा असेल तर बघायलाच नको. मार्चमध्ये असं झाड नीट निरखून बघा : उन्हाकडची बाजू करपलेली आणि मागची, भिंतीच्या बाजूची पानं हिरवीगार दिसतील. दोन्ही बाजूंना रात्रीचं तापमान जवळजवळ सारखंच होतं. म्हणजे जाळलं कुणी, ते कळतं.

पूर्वेची बाजूही वाटते तेवढी निरुपद्रवी नाही. रात्री गोठलेल्या पानांवर आणि कळ्यांवर सकाळचं ऊन थेट पडलं की बर्फ झपाट्याने वितळतो आणि पेशींना इजा होते. तोच बर्फ सावलीत सावकाश उतरला तर कळी बऱ्याचदा वाचते. म्हणून घराची उत्तर बाजू, किंवा पश्चिमेला मोठ्या झाडांच्या आडोशाची जागा चांगली. मात्र वायव्येचा वारा अडवायला कुंपण, पाइन किंवा हॉलीची रांग असावी. उन्हाळ्यात उंच झाडांतून गाळून येणारं ऊन कॅमेलियाला पुरतं. पण अगदी मिट्ट काळोखी कोपराही नको, तिथे कळ्याच धरत नाहीत.

ड्राइव्हवेच्या कडेची जागा टाळा. बर्फावर टाकलेलं मीठ तिथेच झिरपतं.

खोल खड्डा

कॅमेलियाची मुळं उथळ असतात. खड्डा रुंदीला मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट घ्या, खोलीला गोळ्याएवढाच, आणि गोळ्याचा माथा जमिनीपेक्षा 3 ते 5 सेंटिमीटर वर राहू द्या. माती बसते, झाड थोडं खाली जातंच. मध्य न्यू जर्सीतल्या एडिसन-सॉमरसेटकडच्या लालसर चिकण मातीत तर उंचवटा करूनच लावावं. त्या मातीत खोल खड्डा केला की त्याची बादली होते. पाणी साचतं आणि मुळं कुजतात. गंमत अशी की मुळं कुजलेलं झाड वरून तहानलेलं दिसतं, मग मालक आणखी पाणी घालतो.

आच्छादन हवंच. पाइनची साल किंवा पाइनची पानं, 5 ते 8 सेंटिमीटर जाडीचा थर, पण खोडापासून चार बोटं दूर. खोडाभोवती शंकूसारखा ढीग रचायची इथल्या लॉनवाल्यांची पद्धत मात्र उचलू नका, त्याने साल कुजते.

मातीचा सामू (pH) 5.5 ते 6.5 च्या आसपास हवा. घराच्या पायाला अगदी चिकटून लावलेल्या झाडाची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागल्या, तर बहुधा काँक्रीटमधून चुना उतरलाय आणि झाडाला लोह मिळत नाहीये. अशा वेळी खत ओतण्याआधी माती तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा हे काम करते. फायरप्लेसची राख आणि अंड्यांची टरफलं मात्र कॅमेलियाला घालू नका, दोन्ही माती अल्कधर्मी करतात. चहाचा चोथा चालतो (चहाचं झाडही कॅमेलियाच, म्हणजे घरचीच भेट), पण दूध-साखरेत उकळलेला असेल तर आधी नीट धुऊन घ्या, नाहीतर मुंग्या आणि वास.

ऑगस्टचं खत, सप्टेंबरची कात्री

गणपतीच्या सुट्टीत बागेची साफसफाई काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. अझेलिया-रोडोडेंड्रॉनसाठी मिळणारं आम्लधर्मी खत वसंतात एकदा आणि फार तर जूनमध्ये थोडं. जुलैनंतर काहीच नाही. उशिरा खत घातलं की कोवळी पालवी फुटते, ती पक्की व्हायच्या आत पहिलं दहिवर पडतं आणि फांद्यांची टोकं काळी पडतात.

छाटणीचंही तेच. पुढच्या फुलांच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. सप्टेंबरात झाडाला गोल आकार दिला की आकार मिळतो, फुलं मिळत नाहीत. छाटायचं ते वसंतात : एप्रिलवाल्या जाती फुलून गेल्यावर लगेच, आणि शरदात फुलणाऱ्या नवी पालवी फुटायच्या आधी.

पाणी मात्र शरदात बंद करायचं नाही. गवताचे स्प्रिंकलर सप्टेंबरअखेर बंद होतात आणि त्यांच्याबरोबर कॅमेलियाही विसरला जातो. पाऊस नसेल तर जमीन गोठेपर्यंत आठवड्याला एकदा खोलवर पाणी द्या. हिवाळ्यात पानं वाळणं रोखायचा याहून स्वस्त उपाय नाही.

प्लास्टिकचं पांघरूण

प्लास्टिक गुंडाळलं की दिवसा आत भट्टी होते आणि रात्री पानांना चिकटलेलं पाणी गोठतं. पहिले दोन-तीन हिवाळे संरक्षण द्यायचंच असेल, तर चार खुंट ठोकून वाऱ्याच्या आणि उन्हाच्या बाजूला गोणपाट ताणा. गोणपाट पानांना टेकू द्यायचं नाही, वरची बाजू उघडी ठेवायची.

बर्फाला घाबरू नका, भुरभुरीत बर्फ झाडाला ऊबच देतो. ओला, जड बर्फ मात्र फांद्या मोडतो. तो झाडूने खालून वर हलकेच उचलून पाडा. फांद्यांवर काचेसारखा बर्फ गोठला असेल तर हात लावू नका, वितळू द्या.

मार्चमध्ये झाड उपटणं

पानं बदामी म्हणजे झाड मेलं असं नाही. नखाने फांदीची साल जराशी खरवडा. आतून हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर आणखी खाली खरवडून बघा. आणि कुठेच हिरवं दिसलं नाही तरी जूनच्या मध्यापर्यंत थांबा. बुंध्यापासून नवे फुटवे येताना पुष्कळदा दिसतात. पालवी कुठून फुटते ते कळल्यावरच मेलेला भाग कापायचा. झाड अशक्त झालंय म्हणून याच काळात खताचा मारा करू नये, मुळांना तो सोसत नाही.

फुलं तपकिरी पडली तर आधी कारण ओळखा. थंडीने भाजलेल्या फुलाची उघड्यावरची, बाहेरची पाकळी आधी जाते. वसंतातल्या फुलावर लहान तपकिरी ठिपके पडून ते भराभर पसरले आणि फूल मागून सोडवल्यावर पाकळ्यांच्या बुडाशी राखाडी-पांढरं कडं दिसलं, तर ती पाकळ्यांची बुरशी. त्यावर घरगुती फवारणीचा फारसा उपयोग नाही. खाली पडलेलं प्रत्येक फूल उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. कळ्या न उमलताच गळाल्या तर उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी पडलं होतं का ते आठवून बघा. एका टोकावर तीन-चार कळ्यांची गर्दी असेल तर एखाद-दुसरी झाड आपणहून टाकतं, त्याची काळजी नको. आणि पानांवर वरून पिवळे ठिपके दिसले की पान उलटून बघा. मागे पांढरट कापसासारखं काही चिकटलेलं असेल तर ती खवले कीड. फलोद्यानाचं तेल (हॉर्टिकल्चरल ऑइल) पानांच्या मागच्या बाजूला नीट पोचेल असं फवारावं लागतं.

कुंडी घरात आणणं

तुळस, कढीपत्ता, मोगरा ऑक्टोबरात आत येतात, त्यांच्याबरोबर कॅमेलियाची कुंडीही हीटरशेजारी येऊन बसते. गरम, कोरड्या हवेत आठवड्याभरात कळ्यांचा सडा पडतो. बाहेर ठेवलेली कुंडीही धोक्याचीच, कारण मुळं फांद्यांइतकी थंडी सोसत नाहीत आणि कुंडीत ती चहूबाजूंनी गोठतात. कुंडीतल्या कॅमेलियाची जागा बिनगरम गॅरेज किंवा थंड, उजेडाचा बंद व्हरांडा. तापमान शून्याच्या थोडं वर राहिलं तर उत्तम. तेवढी सोय नसेल तर कुंडीच्या भानगडीत न पडता मे महिन्यात सरळ जमिनीत लावा. हरणं येत असतील तर पहिली काही वर्षं भोवती जाळीही लागेल. हिवाळ्यात दुसरं हिरवं काही उरलं नाही की ती कॅमेलियाही खातात.