दोन याद्यांवर लूप लावण्याआधी

ॲन्सिबलच्या (सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनाच्या) एकाच टास्कमध्ये, म्हणजे एका कामात, दोन याद्या फिरवायच्या असतील तर लूप टाइप करण्याआधी दोन्ही याद्या कागदावर शेजारी-शेजारी लिहून काढा आणि त्यांचं नातं काय ते ठरवा. प्रत्येकाला प्रत्येक हवंय, की पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा? की एक यादी दुसरीच्या पोटातच आहे? हे ठरलं की फिल्टर, म्हणजे याद्या एकत्र करणारं फंक्शन, आपोआप ठरतो.

प्रत्येकाला प्रत्येक हवं असेल तर प्रॉडक्ट. तीन युजर आणि चार डिरेक्टरी म्हणजे बारा फेऱ्या, हा गुणाकार आधीच करून ठेवा. वीस गुणिले तीस आलं तर सहाशे फेऱ्या, त्याही प्रत्येक होस्टवर, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर. मग चहा करून आलात तरी टास्क चालूच असेल. पॅकेजेससाठी तर लूप लावूच नका, पॅकेज मॉड्यूल अख्खी यादी एकदम घेतं.

जोड्या लावायच्या असतील तर झिप, आणि इथे जरा थांबा. दोन्ही याद्यांची लांबी मोजा, नव्हे, मोजणारा असर्ट टास्कच (अट मोडली तर काम थांबवणारा) आधी लिहा. मी एकदा पाच सर्व्हिस आणि चार पोर्ट झिप केले होते. एक पोर्ट लिहायचा राहिला होता. प्ले (टास्कची अख्खी फेरी) हिरवागार, एकही एरर नाही, आणि पाचव्या सर्व्हिसची कॉन्फिग फाइल तयारच झाली नाही. झिप धाकट्या यादीपाशी गपचूप थांबतो. लूपची जुनी पद्धत, विथ टुगेदर, रिकाम्या जागी नन (काहीच नाही असं मूल्य) भरायची; तेच वागणं हवं असेल तर झिप लाँगेस्ट आहे. खरं तर नाव आणि पोर्ट एकाच डिक्शनरीत (नाव-मूल्य जोड्यांच्या नोंदीत) ठेवून एकच यादी केली असती तर हा घोळ झालाच नसता. आता मी सहसा तेच करतो.

यादी पोटात असेल, म्हणजे युजर आणि त्याच्या आत त्याच्या एसएसएच की, तर सबएलिमेंट्स फिल्टर. एखाद्या युजरच्या नोंदीत एसएसएच कीची यादीच नसेल तर टास्क तिथेच कोसळतो. स्किप मिसिंग ट्रू करायला विसरू नका. आयटम डॉट शून्य म्हणजे युजर, आयटम डॉट एक म्हणजे की.

जुन्या प्लेबुकमधून (टास्क लिहिलेल्या फाइलीतून) उचलत असाल तर आणखी एक मेख. तिथला जुना विथ आयटम्स यादीतली यादी एक पातळी सपाट करून घ्यायचा. २.५ आवृत्तीत आलेला लूप तसं करत नाही, सपाट करायला फ्लॅटन फिल्टर, लेव्हल्स एक, आपण लिहायचं.

लूपच्या आत लूप हवा असेल तर ब्लॉकवर (टास्कच्या गटावर) लूप लावता येत नाही. आतले टास्क वेगळ्या फाइलीत काढून इन्क्लूड टास्क्सवर लूप लावा. बाहेरच्या लूपच्या आयटमला लूप व्हार देऊन वेगळं नाव द्या, नाहीतर आतला आयटम बाहेरच्याला झाकून टाकतो. टास्कचा निकाल साठवायला रजिस्टर वापरणार असाल तर निकाल रिझल्ट्स नावाच्या यादीत सापडतील. लूपला लेबल (प्रत्येक फेरीला छापायचं छोटं नाव) लावलंत तर स्क्रीनवर पानभर डिक्शनरी सांडत नाही, पण पासवर्ड लपवायला लेबल कामाचं नाही, त्याला नो लॉगच लागतो.

सगळं जमलं की खरं मॉड्यूल बाजूला ठेवून त्याच लूपवर नुसता डीबग (फक्त मजकूर छापणारं मॉड्यूल) चालवा, लिमिट लावून एकाच होस्टवर. छापलेल्या ओळी मोजा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा. मग खऱ्या मॉड्यूलवर चेक (बदल न करता रंगीत तालीम) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणं).