सर्व्हर मॅनेजमेंटचं नवं व्हर्जन टाकताय? या चुका टाळा

नवं व्हर्जन आलं की सगळे आधी 'नवीन काय' हे पान उघडतात. नवा डॅशबोर्ड, एका क्लिकमध्ये शंभर सर्व्हरचं फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच बसलेलं सॉफ्टवेअर), रॅकनिहाय विजेचे आलेख. वाचतानाच हात शिवशिवतात. माझा सल्ला मात्र उलटा आहे. ते पान शेवटी वाचा. आधी रिलीज नोट्समध्ये खाली कुठेतरी 'काय काढून टाकलं' आणि 'कुठलं डीफॉल्ट बदललं' हे दोन भाग असतात, ते वाचा. अपडेटनंतरच्या रात्री येणाऱ्या निम्म्याअधिक फोनांची उत्तरं तिथेच लिहिलेली असतात.

आयपीएमआय गप्प झालं, म्हणून ते पुन्हा चालू केलं

ही चूक सगळ्यात जास्त होते. अपडेट नीट पार पडतं, सर्व्हर व्यवस्थित चालू असतात, पण मॉनिटरिंगचा अख्खा पडदा लाल. पंखे, तापमान, पॉवर सप्लाय, कशाचंच रीडिंग येत नाही. कारण साधं असतं: नव्या फर्मवेअरने नेटवर्कवरून आयपीएमआय (सर्व्हरवर दुरून नजर ठेवण्याचा, तो बंद-चालू करण्याचा जुना प्रोटोकॉल) बंद करून टाकलेलं असतं आणि तुमचं मॉनिटरिंग अजून त्याच्यावरच विसंबून असतं.

ते बंद करण्यामागे कारण आहे. आयपीएमआय १९९८ चं, त्याचं २.० व्हर्जन २००४ चं. त्यात लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच समोरच्याला पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक ठसा) मिळतो, आणि तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१३-४७८६ या क्रमांकाने ही खोट नोंदलेली आहे. ती कुणा एका कंपनीच्या कोडमध्ये नाही, मूळ प्रोटोकॉलमध्येच आहे. त्यामुळे पॅच टाकून ती जात नाही. प्रोटोकॉल बंद करणं किंवा त्याच्यापर्यंतची वाट अडवणं, एवढंच हातात उरतं.

रात्री दोन वाजता लाल पडदा समोर असला की 'आजच्यापुरतं चालू करू' असं वाटतंच. मीही केलंय. ते 'आजच्यापुरतं' पुढच्या ऑडिटपर्यंत तसंच राहिलं होतं, हे सांगताना आजही जरा ओशाळायला होतं.

खरं काम अपडेटच्या आधी करायचं असतं. मॅनेजमेंट नेटवर्कच्या फायरवॉलवर यूडीपी पोर्ट ६२३ चं (आयपीएमआय याच वाटेने बोलतं) लॉगिंग चालू करा आणि किमान आठवडाभर बघत राहा. मॉनिटरिंग सर्व्हर दिसेल, ते अपेक्षितच आहे. पण आमच्याकडे त्या यादीत एक असं मशीन निघालं, जे कुणाच्याच खिजगणतीत नव्हतं. त्यावरची एक जुनी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट रोज पहाटे आयपीएमआयटूल चालवून टेस्टचे सर्व्हर बंद-चालू करत होती. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. अपडेट आधी टाकलं असतं तर ते सर्व्हर का उठत नाहीत हे शोधण्यात आमचा दिवस गेला असता.

यादी हातात आली की एकेक गोष्ट आयपीएमआयची जागा घेणाऱ्या रेडफिशवर न्या. डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आणलेलं हे मानक वेबच्या नेहमीच्या एचटीटीपीएस आणि जेसॉनवर चालतं, त्यामुळे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला नवं काही शिकावं लागत नाही. काही जुनी मशीन रेडफिश बोलतच नसतील, तर त्यांच्यापुरतं आयपीएमआय ठेवा. मात्र पोर्ट ६२३ फक्त एकाच मॉनिटरिंग सर्व्हरला उघडं असू द्या, आणि सायफर झिरो हा त्यातला पर्याय बंद आहे याची खात्री करा. तो चालू असला तर चुकीच्या पासवर्डनेही आत शिरता येतं.

हिरवी टिक बघून झोपायला गेलो

आता रेडफिशवरची गंमत. फर्मवेअर बदलायची विनंती पाठवली की बीएमसी (सर्व्हरवरची, मॅनेजमेंट सांभाळणारी वेगळी छोटी चिप) उत्तर देतो २०२. आपली स्क्रिप्ट बघते, दोनशेच्या घरातलं उत्तर आहे, म्हणजे यश, आणि पुढच्या सर्व्हरकडे वळते. पण २०२ चा अर्थ 'झालं' असा नाही, 'विनंती घेतली' असा आहे. त्या उत्तरासोबत एका टास्कचा पत्ता येतो. तिथे जाऊन पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, काम संपलं का, की मध्येच अडचण येऊन थांबलं.

टास्क संपला तरी गोष्ट संपत नाही. बऱ्याच नव्या व्हर्जनमध्ये फर्मवेअर कधी लागू करायचं हे निवडता येतं: लगेच, पुढच्या रीबूटला, किंवा ठरलेल्या मेंटेनन्स विंडोमध्ये. 'पुढच्या रीबूटला' निवडलं असेल तर जॉब 'पूर्ण' दिसतो, कारण फाइल सर्व्हरवर जाऊन बसलेली असते. चालू असलेलं फर्मवेअर मात्र जुनंच. एकदा चाळीस सर्व्हरच्या बॅचला सगळीकडे हिरवी टिक बघून मी लॅपटॉप मिटला. सकाळी फर्मवेअरची यादी काढली, तर त्यातले अकरा अजून जुन्याच व्हर्जनवर. त्या अकरांवर चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) होत्या, म्हणून ते रीबूट झालेच नव्हते. जॉबने खोटं काही सांगितलं नव्हतं. मी अर्धंच विचारलं होतं. तेव्हापासून जॉबच्या निकालावर माझा भरवसा नाही. काम संपल्यावर प्रत्येक सर्व्हरची फर्मवेअर इन्व्हेंटरी वेगळी ओढतो आणि व्हर्जनचा आकडा अपेक्षित आकड्याशी ताडून बघतो.

बायोस सेटिंगचंही तसंच. बदल आधी प्रलंबित सेटिंगमध्ये जाऊन बसतो आणि रीबूटनंतर खरा होतो. मध्येच वाचलं की जुनी किंमत दिसते, मग लोक तोच बदल पुन्हा पाठवत बसतात. आणि अपडेटनंतर बदलाच्या विनंत्यांना अचानक ४१२ किंवा ४२८ असं उत्तर यायला लागलं तर पासवर्डच्या मागे लागू नका. नवं व्हर्जन ईटॅग (रिसोर्स मध्ये बदलला का हे सांगणारी खूण) तपासायला लागलंय. आधी तो रिसोर्स वाचा, त्याचा ईटॅग घ्या, आणि बदल पाठवताना हेडरमध्ये परत द्या.

सेशनचा एक बारकावा राहिला. दर मिनिटाला लॉगिन करणारी, पण कधीच लॉगआउट न करणारी स्क्रिप्ट काही तासांत बीएमसीची सेशनची मर्यादा संपवते. मग ब्राउझरमधून तुम्हालाच आत जाता येत नाही. अपडेटने मर्यादा किंवा टाइमआउट बदलला असेल तर कालपर्यंत खपून गेलेली ही सवय आज अंगाशी येते.

कॅटलॉग जुना, अहवाल हिरवा

'फर्मवेअर कम्प्लायन्स' हे अलीकडचं सगळ्यांचं लाडकं फीचर. सॉफ्टवेअर तुमच्या सर्व्हरची व्हर्जन एका कॅटलॉगशी जुळवून बघतं आणि हिरवं-लाल सांगतं. इंटरनेटपासून तोडलेल्या नेटवर्कमध्ये हा कॅटलॉग हाताने आणून ठेवावा लागतो. तो आठ महिने कुणी बदललाच नाही, तर अहवाल हिरवाच येणार: आठ महिन्यांपूर्वीच्या जगाशी तुम्ही अगदी सुसंगत आहात! अहवालाच्या आधी कॅटलॉगची तारीख बघा.

हे किती महागात पडू शकतं? २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबद्दल इशारा दिला: एचपीडी८ या व्हर्जनच्या आधीचं फर्मवेअर असेल तर ३२,७६८ तास चालल्यावर डिस्क बंद पडेल आणि डेटा परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. आकडा ओळखीचा वाटला असेल, तो दोनाचा पंधरावा घात आहे. २०२० मध्ये आणखी काही मॉडेलसाठी ४०,००० तासांचा तसाच इशारा आला. आता विचार करा, एकाच दिवशी बसवलेल्या आठ डिस्क साधारण एकाच तासाला जातात. तिथे रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) काय वाचवणार?

आणि म्हणूनच 'चालतंय ना, मग हात कशाला लावा' हा बाणाही मला पटत नाही. एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधली सीव्हीई-२०२४-५४०८५ ही त्रुटी लॉगिनलाच बगल देते, तीव्रता दहापैकी दहा. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबरसुरक्षा संस्थेने, प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत ती घातली. अपडेट टाकायचंच आहे. फक्त क्लस्टरच्या (एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या सर्व्हरच्या गटाच्या) दोन्ही बाजूंना एकाच रात्री टाकू नका.

पिंग जातो, पण सॉफ्टवेअर म्हणतं 'संपर्क नाही'

दोन ठिकाणी बघा. पहिलं टीएलएस, म्हणजे जोडणी सुरक्षित करणारा प्रोटोकॉल. १.० आणि १.१ ही व्हर्जन २०२१ च्या आरएफसी ८९९६ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाने अधिकृतपणे मोडीत काढली, आणि नवी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर त्यांच्यावर बोलायला नकार देतात. जुन्या सर्व्हरच्या बीएमसीला त्यापुढचं काही येतच नसेल, तर आधी त्याचं फर्मवेअर वर आणा, मगच मॅनेजमेंट सॉफ्टवेअरला हात लावा. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये क्रम वेगळा: आधी व्हीसेंटर (सगळ्यांचं नियंत्रण करणारं), मग ईएसएक्सआय (प्रत्येक सर्व्हरवर व्हीएम चालवणारं). लिंक केलेली अनेक व्हीसेंटर असतील तर सगळी बंद करून सगळ्यांचे स्नॅपशॉट एकत्र घ्या. एकट्यालाच मागे नेलं तर ती एकमेकांशी जुळत नाहीत.

दुसरं घड्याळ. रीसेटनंतर काही बीएमसी थेट १९७० मध्ये जाऊन बसतात. त्यांच्या लेखी तुमच्या, सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्या डिरेक्टरी सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नसतं, त्यामुळे डोमेनचं लॉगिन फसतं आणि लोकल चालतं. हे लक्षण दिसलं की एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) तपासा. सर्टिफिकेटची पडताळणीच बंद करून टाकणं हा उपाय नव्हे.

बीएमसी साफ अडकला असेल तर त्याचा कोल्ड रीसेट द्या. साधारणपणे त्याने वरची ऑपरेटिंग सिस्टिम थांबत नाही, काही मिनिटं फक्त मॅनेजमेंट जातं. तरीही उठला नाही, तर सर्व्हर नुसता बंद करून भागत नाही, कारण बीएमसी स्टँडबाय विजेवर जागाच असतो. व्हीएम दुसरीकडे हलवा, सर्व्हर बंद करा, दोन्ही पॉवर केबल काढा, मिनिटभर थांबा आणि मग परत लावा. काढण्याआधी केबलवरचं लेबल मोठ्याने वाचा आणि शेजाऱ्याला ऐकू द्या. रॅकच्या मागच्या बाजूने मोजलेला सातवा सर्व्हर पुढून सातवा निघेलच असं नाही.