जोत्याखालची पाणीगळती: फरशी फोडण्याआधी काय तपासाल, फोडल्यावर काय कराल

सोलापुरातल्या आमच्या घरी मे महिन्यात माजघरातल्या एका शहाबादीवर पाय ठेवला की गार लागायचं. सगळी फरशी तापलेली आणि ही एकच गार. तिच्या सांध्यातून पांढरी पूड वर यायची. आई पुसायची, दोन दिवसांत परत तीच. शेजारच्या भिंतीचा गिलावा गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फुगला, तेव्हा आम्ही तो खरवडून वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलेला नवा करून घेतला. वर्षभरात ओल त्या नव्या गिलाव्याच्याही वर, कमरेपर्यंत चढली. पाणी खाली गळतच होतं. त्याची वाळून जायची वाट तेवढी आम्ही बुजवली होती.

म्हणून आधी शोधा, मग फोडा. शोधायला दोन-तीन रात्री लागतात आणि खडू, मोजायचा टेप, बादली एवढंच सामान पुरतं.

ही ओल गळतीचीच आहे का?

जमिनीतून भिंतीत चढणारी ओल पावसाळ्यात वाढते, उन्हाळ्यात ओसरते आणि बहुधा बऱ्याच भिंतींना लागते. नळाच्या गळतीची ओल एकाच जागी, बाराही महिने असते. त्यामुळे तपासणीला एप्रिल-मेसारखे महिने नाहीत. पावसाळ्यात तर दमट हवेनेही फरशीला घाम फुटतो. शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर बसवा आणि एक दिवस राहू द्या. थेंब कागदाच्या वर धरले तर हवेतला दमटपणा, खाली धरले तर पाणी जमिनीतून येतंय.

मग काठीच्या बोथट टोकाने एकेक फरशी वाजवा. भरीव फरशी टणक वाजते. जिच्याखालचा भराव वाहून गेलाय ती फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते. अशा फरश्यांवर खडूने फुली मारा. पण पाणी उताराने दहा फूट सरकूनही वर येऊ शकतं, म्हणून फुली दिसली की लगेच पहार उचलू नका.

कोणती लाइन गळतेय?

आपल्याकडच्या बैठ्या घराखाली पाणी सहसा पाच ठिकाणी असतं: रस्त्यावरून हौदात येणारा नळ, हौद, हौदातून वरच्या टाकीला जाणारा मोटारीचा पाइप, टाकीतून नळांना उतरणारी लाइन आणि सांडपाण्याची लाइन. प्रत्येकीत पाण्याचा दाब वेगळ्या वेळी असतो, आणि त्यावरूनच चोर पकडता येतो.

रस्त्यावरचा नळ फक्त पाण्याच्या वेळेला तपासता येतो. सोलापुरात रोज पाणी येत नाही, त्यामुळे आम्ही पाण्याच्या दिवसाची वाट पाहिली. पाणी आलं की हौदाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करा, त्या लाइनवरचे इतर नळही बंद करा आणि मीटरकडे बघा. बऱ्याच मीटरच्या तबकडीवर एक छोटं चक्र असतं, थोड्याशा पाण्यानेही ते फिरतं. सगळं बंद असताना ते फिरत असेल तर गळती मीटर आणि हौद यांच्यामध्ये आहे. मीटरच्या अलीकडची, रस्त्याकडची गळती असेल तर पाणीपुरवठा विभागाला कळवा. तिथे स्वतः खोदायचं नाही.

ही गळती सगळ्यात घातक, कारण पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून आसपासचं घाण पाणी आत ओढलं जातं. नळाचं पहिलं पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल आणि घरात कोणाला कावीळ, जुलाब होत असतील, तर दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळूनच प्या.

हौदासाठी रात्री येणारं पाणी आणि मोटार बंद ठेवून भिंतीवर पाण्याच्या रेषेवर खूण करा, झाकण लावा. सकाळी बघा. २ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद हौदात पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे ३० लिटर गेलं. पातळी काही दिवस उतरून एका उंचीला थांबत असेल तर भेग त्याच उंचीवर शोधा.

वरच्या टाकीचंही तसंच. पहिल्या रात्री सगळे नळ बंद करून पातळी मोजा. उतरली तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्हही बंद करा. आता पातळी तशीच राहिली तर लाइन गळतेय. मात्र त्याआधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून बघा. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर दोष वायसरचा आहे, जमीन निर्दोष.

मोटारीच्या पाइपात जोराचा दाब फक्त मोटार चालू असताना असतो, म्हणून तो रात्रीच्या तपासणीत सुटतो. आमचा चोर हाच निघाला. २५ मिनिटांत भरणारी टाकी अर्धा तास घेऊ लागली होती आणि आम्ही मोटार जुनी झाली म्हणत होतो. शेवटी सगळे नळ बंद करून मोटार लावली आणि दोन्हीकडे टेप धरला. हौद १९ सेंटिमीटर उतरला, म्हणजे ५७० लिटर. वर पोचलं ५०० लिटर. दर वेळी ७० लिटर माजघराखाली जात होतं.

सांडपाण्याच्या लाइनसाठी अंगणातल्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाला कापड गुंडाळलेलं बूच घट्ट बसवा, न्हाणीच्या ट्रॅपपर्यंत (जाळीखालच्या पाणी साचणाऱ्या भांड्यापर्यंत) पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर पाइप फुटलाय किंवा सांधा सुटलाय. बाहेर झिरपलेलं पाणी मिळत असेल तर ग्रामपंचायतीत क्लोरीन तपासायला वापरतात ती ओटी चाचणी करून घ्या. पिवळा रंग आला तर ते नळाचं पाणी. रंग आला नाही म्हणून मात्र काही सिद्ध होत नाही, कारण मातीतून जाताना क्लोरीन संपतो. चाचणीचं पाणी लांब ओतून टाका, ते विषारी असतं.

नेमकी जागा

लाइन कळली की शांत रात्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाच्या उघड्या भागावर टेकवा, मूठ कानाला लावा. लोखंडी पाइपात गळतीची सूं ऐकू येते आणि जवळ जाल तशी वाढते. प्लास्टिकच्या पाइपात आवाज लवकर विरतो. तिथे ध्वनियंत्र किंवा वायू सोडून शोधणारा तंत्रज्ञ बोलावलेला बरा. त्याची फी निम्मं घर उकरण्यापेक्षा कमीच होते.

तुकडा बदलायचा की लाइनच?

पाइप तीस-चाळीस वर्षांचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) असेल तर माझं मत ठाम आहे: जमिनीखाली दुरुस्ती करू नका. एका जागी गंजून भोक पडलं की बाकीचा पाइपही त्याच वयाचा असतो. जुनी लाइन दोन्ही टोकांना बूच मारून सोडून द्या आणि नवी बाहेरच्या भिंतीवरून, क्लॅम्प मारून न्या. सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप घेतला तर त्यावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला बघा आणि उन्हापासून वाचवायला पाण्यात मिसळणारा रंग द्या. जीआयच हवा असेल तर निळ्या पट्ट्याचा बी किंवा लाल पट्ट्याचा सी क्लास. पिवळ्या पट्ट्याचा पातळ ए क्लास नको.

पाइप नवा असेल आणि एकच सांधा सुटला असेल तर तेवढंच उघडा. आधी मेन स्विच बंद करा, कारण फरशीखाली वायरिंगही असू शकतं. सांध्यातून बॅटरीवरचा ग्राइंडर फिरवलात तर शहाबादी अख्खी निघते. पाइपाभोवती हात फिरेल एवढी माती काढा, खराब भाग कापा, टोकं पूर्ण कोरडी करा आणि नवा तुकडा कपलरने (दोन टोकं जोडणाऱ्या नळीने) जोडा. पाइप चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. रबरी ट्यूब गुंडाळणं, एम-सील थापणं ही रात्र काढण्यापुरती सोय आहे. ती पुरून वर फरशी बसवू नका. पाणी सोडल्यावर सांध्याला कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा आणि एक दिवस खड्डा उघडा ठेवा. मोटारीची लाइन असेल तर त्या दिवसात दोनदा मोटार चालवा. कागदावर डाग नसेल तरच पुढे.

हौदाच्या भेगेला व्ही आकाराची खाच काढून पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल भरतात, कोपऱ्यांना गोलाई देतात, मग पिण्याच्या पाण्याला चालणारा लेप देतात. पण बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो आणि माणूस उतरताच बेशुद्ध पडतो. झाकण बराच वेळ उघडं ठेवून पंख्याने हवा घाला, कोणीही एकट्याने उतरू नये, वर दोरी धरलेला माणूस हवाच. आतला कोसळला तर मागोमाग उडी मारू नका, अग्निशमन दलाला १०१ लावा.

भराव, आणि काळी माती

गळतीने झालेली पोकळी नुसत्या वाळूने बुजवली तर फरशी परत खचते. मुरूम किंचित ओला करून अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांनी घाला, प्रत्येक थर धुम्मसाने ठोका, वर काँक्रीट, मग फरशी.

काळ्या मातीवरच्या घरांनी जास्त सांभाळावं. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. त्यामुळे गळती थांबल्यावरही काही महिने भिंतींना नव्या चिरा पडू शकतात. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, महिन्याने बघा. चीर वाढत असेल, दारं चौकटीत अडकत असतील किंवा कॉलमलाच तडा असेल, तर गवंड्याकडून लिंपून न घेता स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

भिंतीला रंगाची घाई करू नका. फुगलेला गिलावा काढून वीट उघडी ठेवा, वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडत राहा. आमची भिंत वाळायला पाच महिने लागले. खड्डा बुजवण्याआधी पाइपाशेजारी टेप ठेवून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असा फोटो काढा आणि त्याची एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवा.